कृत्रिम पाय, शिखर आणि बातमीत न येणाऱ्या गोष्टी

दीडपायी

मंडळी, मे महिना संपत आला की माझ्या व्हॉट्सअॅपवर एकच बातमी आठ-दहा जणांकडून येते. अमुक देशातला पाय नसलेला गिर्यारोहक एव्हरेस्टवर पोहोचला. खाली ठरलेली ओळ: "बघ, आणि तू कळसूबाईचं घेऊन बसलायस!" पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार बातमीबद्दल आहे. ती शेवटपर्यंत वाचली तरी मला जे हवं असतं ते तिच्यात नसतं. घामाने सॉकेट, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो ती कृत्रिम पायाची वाटी, निसटायला लागल्यावर त्याने काय केलं? जखम झाली तेव्हा किती दिवस थांबला? उतरायला किती वेळ लागला? बरोबर माणसं किती होती आणि पैसे कुणी दिले? सगळीकडे अपघात, अश्रू, निर्धार आणि थेट शिखरावरचा तिरंगा. मधला डोंगर गायब.

माझी ओळख एवढीच, की उजवा पाय गुडघ्याखाली वीतभर उरलाय. हायवेवरचा अपघात. त्याआधी सह्याद्रीत बऱ्यापैकी भटकायचो, आताही जमेल तसं भटकतो. हिमालयात जाईन की नाही माहीत नाही. पण जे गेले त्यांच्याबद्दल मिळेल तिथून वाचत असतो, आणि वाचताना प्रेरणेपेक्षा जुगाड शोधतो.

सुरुवात मार्क इंग्लिसपासून करतो, कारण त्याच्या गोष्टीत जुगाड भरपूर आहे. हा न्यूझीलंडचा, माउंट कुकच्या राष्ट्रीय उद्यानात बचाव पथकात काम करणारा गिर्यारोहक. १९८२ च्या नोव्हेंबरमध्ये फिल डूल नावाच्या साथीदाराबरोबर तो त्याच डोंगराच्या माथ्याजवळ वादळात अडकला. दोघं बर्फाच्या कपारीत तेरा दिवस पडून होते. सुटका झाली, पण दोघांचेही दोन्ही पाय गुडघ्याखाली कापावे लागले. म्हणजे लोकांना वाचवणं हे ज्याचं कामच होतं त्याचे पाय त्याच्याच डोंगराने नेले. पुढे तो वाइन बनवण्याच्या धंद्यात पडला, सिडनीच्या पॅरालिंपिकमध्ये सायकलिंगचं रौप्यपदक मिळवलं, २००२ मध्ये पुन्हा माउंट कुक चढला, २००४ मध्ये हिमालयातलं चो ओयू शिखर आणि १५ मे २००६ ला एव्हरेस्ट. दोन्ही पाय नसलेला एव्हरेस्टवरचा पहिला माणूस.

आता बातमीत नसलेला भाग. त्या मोहिमेत साधारण ६,४०० मीटरवर तो पडला आणि कार्बन फायबरचा एक पाय मधोमध मोडला. त्याने काय करावं? चिकटपट्टी गुंडाळली! खालच्या तळावरून दुसरा पाय वर येईपर्यंत त्या पट्टीवर भागवलं. हे वाचल्यापासून माझ्या सॅकमध्ये कापडी चिकटपट्टीचं रीळ असतंच असतं. आणि उतरल्यावर? हिमदंशाने हाताच्या बोटांची टोकं गेली, स्टंपचाही, म्हणजे उरलेल्या पायाचाही, आणखी थोडा भाग कापावा लागला. लोक गमतीने म्हणतात, "तुला बरं, पायाची बोटं गारठायची भीती नाही." खरं आहे, कार्बनला थंडी वाजत नाही. पण कार्बन जिथे संपतो तिथे कातडी सुरू होते, आणि तिथला रक्तपुरवठा आधीच बेताचा असतो.

दुसरा माणूस ह्यू हर. तो एव्हरेस्टवाला नाही, कातळावरचा. सतरा वर्षांचा असताना, १९८२ च्या जानेवारीत, अमेरिकेतल्या माउंट वॉशिंग्टनवर हिमवादळात तो आणि त्याचा मित्र भरकटले. सापडले तेव्हा ह्यूचे पाय वाचवण्यापलीकडे गेले होते. त्यांना शोधायला निघालेला एक स्वयंसेवक हिमकड्याखाली सापडून मेला, हेही बातमीत सहसा शेवटच्या ओळीत येतं. पुढे हरने जे केलं ते मला फार आवडतं. चालायचे पाय कातळावर चढायला निरुपयोगी आहेत हे पाहून त्याने चढायचे वेगळे पाय स्वतः बनवले. नाण्याच्या जाडीच्या खाचेवर टिकेल असं अरुंद, ताठ पाऊल. भेगेत अडकवायला पाचरीसारखं दुसरं. बर्फासाठी खिळ्यांचं तिसरं. उंची कमी-जास्त करायची सोय. अपघाताआधी जमत नव्हत्या अशा वाटा तो नंतर चढला. आज तो अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात प्राध्यापक आहे आणि यांत्रिक घोटे-गुडघे बनवतो. म्हणजे त्याने माणसाच्या पावलाची नक्कलच केली नाही. कातळाला कसं पाऊल हवं आहे ते विचारलं.

आपल्याकडे होतं उलटं. कृत्रिम पाय बनवून देणाऱ्या लिम्ब सेंटरमध्ये "ट्रेकिंग करायचंय" म्हटलं की समोरचा आधी माझ्याकडे, मग बायकोकडे बघतो.

तर इथे चर्चेचा हा धागा काढायचं कारण हे, की कृत्रिम पाय, दृष्टी नसणं, हात नसणं, काहीही असो, डोंगरात प्रत्यक्ष काय चालतं आणि काय चालत नाही ते इथे एकत्र यावं. स्वतःचा, घरातल्यांचा, गटातल्या कुणाचा अनुभव असेल तर लिहा. फुलं वाहायला येणार असाल तर चहा पिऊन जा.

सह्यकडा

शेवटच्या वाक्याला दंडवत. वाखुसा (वाचनखूण साठवली). बाकी सवडीने लिहितो.

गौरी_फिजिओ

छान धागा. मी फिजिओथेरपिस्ट आहे, पाय गेलेल्या लोकांबरोबर बरंच काम केलंय. थोडी भर घालते.

सगळ्यात पहिली गोष्ट दमाची. एक पाय गुडघ्याखाली गेलेल्या माणसाला सपाट रस्त्यावर चालायलासुद्धा साधारण पाव पट जास्त शक्ती लागते. गुडघ्यावर गेला असेल तर निम्म्याहून जास्त. हे सपाटीवरचं! त्यामुळे "इतरांना तीन तास लागतात म्हणजे याला चार" असला हिशोब गटांनी करू नये. पाणी आणि खाणं त्याच हिशोबाने वाढवावं लागतं, आणि ते सामान तोच माणूस वाहणार असेल तर गणित आणखी बिघडतं.

दुसरी गोष्ट स्टंपची. लोकांना वाटतं चालून चालून तो सुजत असेल. बहुतेकांचा उलट आकसतो. आकसला की पाय सॉकेटमध्ये खाली खाली बसत जातो आणि भार नको तिथे, हाडाच्या टोकावर येतो. म्हणून दिवसभरात मध्ये थांबून एकावर एक मोजे चढवावे लागतात. हे थांबणं दमल्यामुळे नसतं, ते गटातल्या लोकांना आधी सांगून ठेवा. नाहीतर "चल चल, थोडंच राहिलंय" करणारे उत्साही लोक असतातच.

पाय काढल्यावर कातडी लाल दिसली तर घाबरू नका. दहा-पंधरा मिनिटांत लाली उतरली तर ठीक. नाही उतरली, तर तिथे फोड यायच्या बेतात आहे. डोंगरात आलेला फोड म्हणजे घरी आल्यावर कित्येक दिवस पाय घालता येत नाही. म्हणजे नोकरी, बस, संडास, सगळंच अडतं. साध्या ट्रेकरचा फोड आणि हा फोड यात हा फरक आहे.

आणि जिन्यासाठी आम्ही सगळ्यांना शिकवतो ते: वर जाताना चांगला पाय आधी, खाली येताना दुसरा आधी. शिडीलाही तेच.

दीडपायी

गौरीताई, सोन्यासारखा प्रतिसाद. लालीचं मला कुणी सांगितलंच नव्हतं, अनुभवाने कळलं.

उतरण्याबद्दल मी घालतो. माझ्या पावलाचा घोटा वळत नाही. चढावर चवडा आधी टेकतो आणि गुडघा मागे ढकलला जातो. उतारावर टाच टेकली की सगळा पाय पुढे फेकला जातो, जणू कुणी पोटरीला मागून धक्का दिला. मांडीला ते प्रत्येक पावलाला आवरावं लागतं. म्हणून मी उतारावर नागमोडी चालतो किंवा सरळ आडवा होऊन खेकड्यासारखा. दिसायला वाईट, पण चालतं. चढताना मी गटात मध्ये असतो, उतरताना कायम शेवटी. घड्याळ लावायचं असेल तर उतरण्याचं लावा.

रोखठोक

धागा चांगला आहे पण कुणीतरी उलट बाजू मांडायला हवी. नेपाळ सरकारने २०१७ च्या डिसेंबरमध्ये दोन्ही पाय नसलेल्यांना, अंधांना आणि एकट्याने जाणाऱ्यांना एव्हरेस्टसह त्यांच्या शिखरांवर बंदी केली होती. सगळ्यांनी आरडाओरडा केला. पण मला तरी त्यात तथ्य वाटतं. आठ हजार मीटरवर तुमचा पाय मोडला तर तुम्हाला खाली आणणारा शेर्पा असतो. त्याच्याही घरी बायकापोरं असतात. एकाच्या स्वप्नासाठी चौघांचा जीव टांगणीला का? हे बोललं की माणूस लगेच खलनायक ठरतो, ठरवा.

कुंभार्ली

रोखठोक, प्रश्न रास्त आहे पण पत्ता चुकलाय. शेर्पांचा जीव टांगणीला लावणारे बहुतेक लोक दोन्ही पाय धड असलेले असतात. क्रॅम्पॉन, म्हणजे बर्फासाठी बुटाखाली लावायचे खिळे, कसे बांधायचे ते बेस कॅम्पवर शिकणारे.

दीडपायी

रोखठोक, खलनायक कशाला. पण त्या बंदीची पुढची गोष्ट सांगतो, कारण तिच्यात तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे.

बंदी आली तेव्हा हरी बुढा मगर तयारीत होता. हा नेपाळच्या रोल्पा जिल्ह्यातल्या खेड्यातला, ब्रिटिश सैन्यातला गोरखा. २०१० मध्ये अफगाणिस्तानात सुरुंगाच्या स्फोटात दोन्ही पाय गुडघ्यांच्या वर गेले. वर! हा शब्द बातमीत येतो आणि वाचणारा पुढे जातो. गुडघा असला की मांडीचा जोर लावून शरीर पायरीवर उचलता येतं. दोन्ही गुडघे नसले की पाय कमरेतून फेकायचा आणि अंग दोन्ही हातांनी, काठ्यांनी, दोराने वर ओढायचं. मी गुडघेवाला आहे, माझी आणि त्याची तुलनाच नाही. त्याने २०१७ मध्येच मेरा पीक सर केलं होतं, ६,४७६ मीटर. म्हणजे हौशे-गवशे म्हणून झटकून टाकावा असा तो नव्हता. आणि नेमकं त्यानंतर त्याच्याच देशाने सांगितलं की तू यायचं नाहीस.

प्रकरण नेपाळच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २०१८ च्या मार्चमध्ये बंदीला स्थगिती मिळाली. हरीला तरी २०२३ उजाडलं. १९ मे २०२३ ला, दुपारचे तीन वाजून गेल्यावर, तो माथ्यावर पोहोचला.

पण स्थगितीचा पहिला फायदा झाला श्या बोयू या चिनी म्हाताऱ्याला. आता तुमचा शेर्पांचा मुद्दा. हा बुवा १९७५ मध्ये चिनी मोहिमेत एव्हरेस्ट चढायला गेला होता. आजारी साथीदाराला आपली झोपायची पिशवी दिली, आणि स्वतःची दोन्ही पावलं हिमदंशात घालवली. पुढे १९९६ मध्ये कर्करोगामुळे पाय आणखी वर, गुडघ्याखाली कापले. तरी पुन्हा निघाला. २०१४ ला एव्हरेस्टच्या वाटेवरच्या खुंबूच्या हिमप्रपातात शेर्पांचे बळी गेले, मोसमच बंद. २०१५ ला भूकंप. २०१६ ला शिखर अगदी आवाक्यात असताना वादळ आलं, आणि तो परत फिरला. बरोबरच्या तरुण शेर्पांचे जीव धोक्यात घालणं त्याला पटेना. चाळीस वर्षं वाट पाहिलेला माणूस शिखराच्या तोंडावरून मागे वळतो. १४ मे २०१८ ला तो पोहोचला तेव्हा एकोणसत्तर वर्षांचा होता.

तेव्हा बंदी पायांच्या संख्येवर घालू नका. परत फिरता न येणाऱ्यांवर घालता आली तर बघा.

सुमेधा_कोथरूड

"आणि अरुणिमा सिन्हा?" असं कुणी विचारायच्या आत मीच विचारते. आपल्याकडे सगळ्यांना तेवढंच एक नाव माहीत असतं, पण तिच्याबद्दलही माहिती अर्धीच.

दीडपायी

सुमेधाताई, बरोबर. राष्ट्रीय पातळीवरची व्हॉलीबॉलपटू, २०११ च्या एप्रिलमध्ये बरेलीजवळ चोरट्यांनी धावत्या रेल्वेतून ढकललं, डावा पाय गुडघ्याखाली गेला आणि २१ मे २०१३ ला एव्हरेस्ट. हे सगळ्यांना पाठ आहे. मधल्या दोन वर्षांत काय झालं ते बघा. ती बचेंद्री पाल यांच्याकडे गेली. त्यांनी तिला उत्तरकाशीला घेतलं, टाटा स्टीलच्या साहस केंद्रात महिनोन्महिने घासून घेतलं, आधी सहा हजारी (सहा हजार मीटरचं) शिखर करायला लावलं, मग टाटांनी मोहिमेचा भार उचलला. म्हणजे स्वतः एव्हरेस्ट चढलेली गुरू, पूर्णवेळ प्रशिक्षण आणि पैशांची सोय. या तीन गोष्टी काढल्या तर तिचं कर्तृत्व कमी होत नाही, पण गोष्ट मात्र खोटी होते. माझ्यासारखा वाचणारा समजतो की रोज पहाटे उठून मनाशी ठरवलं की झालं.

बर्फावर कृत्रिम पाऊल फिरून उलटं व्हायचं असंही तिने भाषणांत सांगितलंय. वळलेलं पाऊल जाड हातमोज्यांनी सरळ करून बघा एकदा. आमच्याकडे बावीस अंश तापमानात, खुर्चीत बसून, अॅलन की (पायाचे स्क्रू फिरवायची किल्ली) हातात असताना मला घाम फुटतो.

बांद्याक

गोव्याकडचा एक माणूस राहिला. टिंकेश कौशिक. मूळचा हरियाणाचा, पण राहतो गोव्यात, फिटनेस कोच आहे. नऊ वर्षांचा असताना विजेचा धक्का बसून दोन्ही पाय आणि एक हात गेला. २०२४ च्या मे महिन्यात एव्हरेस्ट बेस कॅम्पपर्यंत चालत गेला. तीन अवयव नसताना तिथवर पोहोचलेला पहिला. "बेस कॅम्पच ना?" म्हणणारे भेटले मला. त्यांना मी एकच सांगतो, एक काठी धरून दोन कृत्रिम पायांवर पणजीच्या चर्चच्या पायऱ्या उतरून दाखवा.

सह्यकडा

आलो सवडीने. माझे काका भातशेती करतात, पाय जयपूरचा. तुम्ही सगळे कार्बनबद्दल बोलताय म्हणून लिहितो. तो पाय डॉ. प्रमोद करण सेठी आणि रामचंद्र शर्मा या कारागिराने साठच्या दशकाच्या अखेरीस बनवला. गोष्ट साधी होती, विलायती पाय बूट घातल्याशिवाय चालत नव्हता आणि आपला माणूस अनवाणी चिखलात उतरतो, उकिडवा बसतो, मांडी घालतो. म्हणून रबराचं पाऊल, जे सगळीकडे थोडं थोडं वळतं. काका त्या पायाने बांधावर असे चालतात की नवख्याला कळत नाही कुठला पाय. दगडगोट्यांवर ते वळणं फार कामाचं. बर्फाचं मला माहीत नाही, पण सह्याद्रीतल्या घाटवाटेवर त्यांना मी थकलेलं पाहिलेलं नाही. वजन मात्र आहे.

कुंभार्ली

इंग्लिसबद्दल एक अवांतर, धागाकर्ता रागावणार नसेल तर. ज्या दिवशी तो एव्हरेस्टवर पोहोचला त्याच दिवशी वाटेत डेव्हिड शार्प हा इंग्लिश गिर्यारोहक मरणाच्या दारात बसलेला होता. चाळीसेक लोक त्याच्या बाजूने गेले. जगभर गदारोळ झाला तो इंग्लिसने टीव्हीवर ही गोष्ट मोकळेपणाने सांगितल्यामुळे. एडमंड हिलरींनी जाहीर नापसंती दाखवली. माझं मत असं, की चाळीस धडधाकट लोकांचा जाब दोन्ही पाय नसलेल्या एकाला विचारला गेला, आणि तोही तोच बोलला म्हणून.

रोखठोक

कुंभार्ली, यावर तरी सहमत. बंदीबद्दल अजून पूर्ण पटलेलं नाही. पण श्या बोयूची गोष्ट माहीत नव्हती.

निनाद_मुलुंड

दृष्टीबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून. मी एका गटाबरोबर अंध मुलांना किल्ल्यांवर नेतो. एरिक वाइहेनमायर हा अमेरिकन २५ मे २००१ ला एव्हरेस्टवर गेला, पूर्ण अंध. त्याच्या पुढचा माणूस घंटी बांधून चालायचा आणि हा आवाजामागे. खुंबूच्या हिमप्रपातातून पहिल्यांदा पार व्हायला त्याला तेरा तास लागले होते, पुढे तोच टप्पा पाचेक तासांवर आला. सरावाने डोळे येत नाहीत, पण साथीदारांना काय बोलायचं ते येतं, हा माझा अंदाज. आम्ही घंटी वापरून पाहिली. सह्याद्रीत वारा आणि इतर ट्रेकर्सचे स्पीकर यांत ती बुडते. त्यापेक्षा पुढच्याने सतत बोलत राहणं बरं. "डावीकडे मोकळं", "गुडघ्याएवढी पायरी", "हाताला कातळ". "सांभाळून" हा शब्द आमच्याकडे बंद आहे, त्यातून काहीच कळत नाही.

आणि छोंझिन आंगमो. किन्नौरची, लहानपणी दृष्टी गेली, बँकेत नोकरी. १९ मे २०२५ ला एव्हरेस्ट. त्याआधी २०२१ मध्ये दिव्यांगांच्या ज्या तुकडीने सियाचिनमधली कुमार पोस्ट गाठली, साडेपंधरा हजार फुटांच्या वर, तिच्यात ती होती. पुन्हा तेच, मधली पायरी.

अनघा_आई

मी इथे बहुतेक फक्त वाचते. माझा मुलगा दहावीत आहे, जन्मतः एक पाय गुडघ्याखाली नाही. लहानपणापासून पाय बदलत आलोय, उंची वाढली की नवा. शाळेची सिंहगडची सहल होती, त्याला नेलं नाही, "जबाबदारी कोण घेणार" म्हणाले. तो काही बोलला नाही. पण आता म्हणतो मला कळसूबाई करायचंय. नवरा म्हणतो थांबू. मला तुम्हाला एवढंच विचारायचं आहे की शिड्यांचं काय? मी यूट्यूबवर पाहिल्या, रात्री झोप नाही लागली.

गौरी_फिजिओ

अनघाताई, जन्मतः असेल तर एक गोष्ट तुमच्या बाजूने आहे. त्याला दोन पायांनी चालायची सवय कधी नव्हतीच, त्यामुळे त्याचं शरीर या पायाशी जुळलेलं आहे. अपघातवाल्यांना ते नव्याने शिकावं लागतं. पण वाढत्या वयात सॉकेट भराभर लहान पडतं. ट्रेकच्या आधी मोजमाप करून घ्या, नवं सॉकेट घालून थेट डोंगरावर नको.

दीडपायी

अनघाताई, शिड्यांचं सविस्तर सांगतो.

बारी गावातून वाट सुरू होते. सुरुवातीला शेतं, मग चढ, मग लोखंडी शिड्या एकामागून एक, मध्ये सपाटी येते तिथे लिंबूपाणीवाले बसतात. शेवटी विहिरीजवळून अखेरचा चढ आणि शिडी, की देवीचं देऊळ. १,६४६ मीटर. शिड्यांना कठडे आहेत आणि हातांनी हातांनी ते गुळगुळीत झालेत. चढताना अडचण फारशी येत नाही. कृत्रिम पाऊल पायरीवर मध्यावर ठेवायचं, चवड्यावर नाही, कारण चवड्याखाली काय आहे ते कळत नाही. मी प्रत्येक पायरीवर आधी पाऊल आपटतो. "टण्" आवाज आला की लोखंड, मग भार. माझे कान तिथे तळव्याचं काम करतात.

उतरताना तोंड शिडीकडे, पाठ दरीकडे. लोक पुढे तोंड करून धडाधड उतरतात आणि आपल्याला वाटतं आपणही तसंच उतरावं. नाही. कृत्रिम पाय आधी खाली, वाट बघायची, टण्, मग दुसरा. खाली एक माणूस हवा जो नुसतं "आणखी एक वीत खाली" असं सांगेल. धरणारा नको. धरलं की तोल जातो.

खरी अडचण शिडीची नाही, मागच्या लोकांची आहे. शनिवार-रविवारी रांग लागते आणि मागून "ओ काका, चला की" सुरू होतं. कामाच्या वारी जा. पावसाळ्यात पहिल्यांदा नको, सॉकेटमध्ये पाणी शिरलं की लायनर, म्हणजे स्टंपवर चढवायचं मऊ अस्तर, पचपच करत निसटतो. नोव्हेंबर-डिसेंबर उत्तम, पहाटे निघा, उजेडात खाली या. त्याआधी सिंहगड आतकरवाडीच्या बाजूने करून बघा. तिथे दमला तर गाडीरस्ता आहे, परतायची सोय आहे, ही फार मोठी गोष्ट.

सॅकमध्ये: जादा लायनर, वेगवेगळ्या जाडीचे मोजे, कोरडा पंचा, अॅलन की, चिकटपट्टी. कुबड्या गटातल्या कुणाच्या तरी पाठीवर. त्या वापराव्या लागल्या तर कमीपणा नाही, पण नसल्या आणि पाय मोडला तर खांद्यावरून यावं लागतं.

अनघा_आई

कागदावर लिहून घेतलं सगळं. कुबड्या नेऊ देणार नाही म्हणतोय.

दीडपायी

त्याला सांगा, एव्हरेस्टवर गेलेल्या इंग्लिसने दुसरा पाय खालच्या तळावर ठेवला होता. कुबड्या पण तशाच, सुट्या भागांच्या पिशवीत.

केतन_बी

हात नसतील तर? माझ्या भावाचा डावा हात कोपरापासून नाही, आणि तो कातळारोहण शिकायचं म्हणतोय. वेड्यासारखं वाटतं, पण विचारतो.

सह्यकडा

वेड्यासारखं अजिबात नाही. जेमी अँड्र्यू या स्कॉटिश माणसाबद्दल वाचा. १९९९ मध्ये आल्प्समध्ये वादळात अडकला, मित्र तिथेच गेला, याचे दोन्ही हात आणि दोन्ही पाय कापले. २०१६ मध्ये आल्प्समधलंच मॅटरहॉर्न शिखर चढला. तुमच्या भावाला तर एक हात आणि दोन पाय आहेत, म्हणजे श्रीमंत माणूस. आधी कृत्रिम भिंतीवर, दोर वरून बांधलेला, अशी सुरुवात करा. गाठी मारणं एका हाताने आणि कोपराने जमतं, पण तपासणारा दुसरा माणूस कायम हवा. तो तर दोन हातवाल्यांनाही हवा.

निनाद_मुलुंड

केतन, हार्नेसची, म्हणजे दोर अडकवायला कमरेला बांधतात त्या पट्ट्यांची, बकलं एका हाताने लावता येतात का ते दुकानातच बघा. काही मॉडेल्समध्ये पट्टा उलटा वळवून पुन्हा ओढावा लागतो, ती नको. आधीच ओवलेली बकलं असलेला घ्या.

अनघा_आई

आतकरवाडीकडून सिंहगड ठरलाय, कामाच्या वारी. नवरा पण येतो म्हणाला. गौरीताई, मापासाठी कुठे जावं ते विचारायला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

गौरी_फिजिओ

करा. आणि घरातल्या जिन्यावर रोज उतरायचा सराव सुरू करू दे, चढायचा नाही. नाक्यावरून पाण्याचे जार तो उचलून आणत असेल तर ते थोडे दिवस वडिलांना द्या.

रोखठोक

दीडपायी, तुमचं हिमालयाचं काय ठरलं ते राहिलंच की.

दीडपायी

पैसे जमतायत. सहा हजारीच्या आधी पाच हजारी बघतोय, आणि बर्फात वापरायच्या पावलाबद्दल एका कारागिराशी बोलणं चाललंय. तो म्हणतो, क्रॅम्पॉन बूटाला न बांधता थेट पायलॉनला, म्हणजे सॉकेट आणि पाऊल जोडणाऱ्या नळीला, लावू. बूट वाचला की वजन वाचलं, पण गावातून बर्फापर्यंत चालायचं कशाने, म्हणून दुसरं पाऊल सॅकमध्ये, म्हणजे वजन परत आलं. इथे अडलोय. कुणी एका पायलॉनवर पाऊल चटकन बदलायची खिट्टी पाहिली असेल तर फोटो टाका.